इग्वेला नावाने हाक

शारजाच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एमेका बसायचा, नायजेरियाचा इग्बो माणूस. त्याचे वडील वारले आणि गावाने त्याला परत बोलावून राजा केलं, म्हणजे त्यांच्या भाषेत 'इग्वे'. एकदा रोल्लाच्या बाजारातून परदेशी फोनचं कार्ड आणून घरून त्याला फोन लावला.

"एमेका आहे का?"

उचलणारा भडकलाच. "राजाला नावाने हाक मारतात?"

तेवढ्यात एमेकाने फोन हिसकावला. "हबीबी, परत म्हण! इथे बायकोसुद्धा इग्वेच म्हणते."

मी ओरडलो, "एमेका!"

तो खूश. "आता मी तुला मारतो हाक. कुलकर्णी ऑफिसातलं झालं, घरचं नाव काय?"

बायकोपोरं पुण्याला परत जाऊन वर्ष झालं होतं. म्हटलं, "श्रीकांत."

तो तिकडून जोरात ओरडला, "श्रीकांत!"

रिकाम्या फ्लॅटमध्ये मी चक्क 'ओ' दिली.