अडवलेल्या मेलचा डबा

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक सर माग्बानुआ, व्यासपीठावरचे फादर इसिद्रो, जहाजांवरून सुट्टीवर आलेले भाऊबंद, त्यांच्या घरची मंडळी, आणि आज निवृत्त होत असलेल्या आमच्या मॅम पेपिंग, सर्वांना माझा नमस्कार.

मी एल्मर. पूर्वी जहाजावर आचारी होतो, आता याच कचेरीत कारकून. माझ्या हातचं जेवलेले इथे बरेच बसलेत, तरीही मला बोलायला उभं केलंत, हा तुमचा मोठेपणा.

इलोइलोतल्या आमच्या कचेरीचं काम काय? जहाजांवर माणसं पाठवायची आणि त्यांचं बरंवाईट बघायचं. एकदा कुणीतरी मेलवर आलेलं खोटं बिल उघडलं आणि सगळे संगणक आडवे झाले. सर भडकले. नको ते मेल अडवणारं फिल्टर घ्यायचं ठरलं. पहिल्या कंपनीचा माणूस आला, आठवडाभर वापरून बघा म्हणाला. काय सांगू मंडळी, इनबॉक्स झाडूनपुसून लख्ख! सर तर सहीला पेन काढून बसले.

मॅम म्हणाल्या, "सर, आठवड्यात जहाजावरच्या एकाही पोराची कुरकुर आली नाही. असं कधी झालंय?"

"सुखात असतील."

"आपली पोरं? सुखात? ते फेकलेले मेल दाखवा बघू."

त्यात माझा मेल होता. भर समुद्रात माझं पोट फाटल्यासारखं दुखत होतं, आणि जहाजाचा कप्तान गोळ्या देऊन म्हणत होता, पुढच्या बंदरापर्यंत कळ काढ. मी चोरून मित्राच्या पत्त्यावरून लिहिलं. "तातडीचं आहे. जहाजावर अडकलोय. मदत करा. कुणाला सांगू नका."

फिल्टरवाला हसला. "मॅम, ठक असंच लिहितात."

"आमची पोरंही असंच लिहितात," म्हणत मॅमनी मेलखालचं माझं नाव वाचलं आणि थेट जहाजावर फोन लावला. दुसऱ्याच दिवशी मला किनाऱ्यावर उतरवलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. उशीर झाला असता तर... जाऊ दे, चांगल्या दिवशी ते कशाला बोला.

मग मॅमनी दुसरं फिल्टर निवडलं. ते विषारी मेल मारून टाकतं, पण नुसता संशय आला तर मेल एका डब्यात ठेवून माणसाला विचारतं. "माणसानंच बघायचं तर यंत्र कशाला?" सर कुरकुरले. "दाराशी कुत्रा आहे म्हणून पाहुणा कोण ते आपण बघायचंच नाही का?" हा मॅमचा सवाल. अध्यक्ष महाराज, आता हसताय, तेव्हा नव्हतात हसला.

तेव्हापासून मॅम रोज तो डबा वाचत आल्या. लॉटऱ्या, राजकुमार, वजन घटवायच्या गोळ्या, आणि मधूनच आमच्यातला कुणीतरी. आता त्या चालल्या, मग डबा कोण बघणार, ही धास्ती तुमच्या घरोघरी आहे, मला ठाऊक आहे. कालपासून तो माझ्याकडे दिलाय. मॅम, खरं सांगतो, मला भीती वाटते. एखादा हातून सुटला तर?

असो. जेवण निवतंय, म्हणून आवरतं घेतो. आयोजकांचे आणि इतका वेळ सोसून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपला माणूस म्हणून पोटात घाला. मघाशी माझ्या खिशातला फोन वाजला, तुम्ही ऐकलं असेल. डब्यात काहीतरी आलंय. नाही मॅम, तुम्ही उठू नका. बसा, पोटभर जेवा. मी बघतो.