शिंगांचा उरलेला रंग

आमचा तेजराम चाळिशीला टेकला तरी लग्नाचा राहिला होता. स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांनी केशोरीला मुलगी पाहायला निघालो, त्याच्याच जुन्या मोटारीतून. चाकांवरची झाकणं पार गंजलेली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून लाल रंग उरला होता, तो मी झाकणांना फासला. मोटार नवीनच वाटायला लागली.

मुलीच्या बापानं मोटारीभोवती एक फेरी मारली आणि वाकून झाकणावर नख ओढलं.

"हे कायले रंगवलं?"

"चांगलं दिसाले," मी म्हणालो.

"आमच्या बाजारात म्हातारा बैल विकाचा असला का त्याची शिंगं अशीच रंगवते."

मग तो तेजरामकडे वळला.

"पावणे, जरा टोपी काढा."

कलपही सकाळी मीच लावून दिला होता.