नळ्या नव्या, टाकीत एक लिटर

...आणि मला सांगा, गाडीत पेट्रोलचा वास येतोय, तर तो कुठून येतो हे बघावंसं वाटणार नाही? मला वाटलं! तिथंच फसलो. तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं मी आमच्या ताना शहराच्या टेकड्यांवर टॅक्सी चालवतोय, गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि पेट्रोल कुठे? टाकीत? छे! माझ्या पायाशी, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये! कॅनमधून नळी निघते ती थेट इंजिनात. सगळे टॅक्सीवाले असंच करतात. पेट्रोल डोळ्यांसमोर असलं की जिवाला बरं वाटतं हो!

पण यंदा तपासणीला आल्या नव्या वुलुलुनाबाई. कॅन दिसला की परवाना रद्द! परवाना गेला तर काय, माणसं पाठुंगळी घेऊन टेकडी चढू? बायको, नुरू, म्हणाली, "मुकाट्यानं टाकी जोडून घ्या, नळ्या बदला. आणि मेकॅनिकला प्रश्न विचारून पिडू नका."

मी आणि प्रश्न? मी फक्त आमच्या मेकॅनिकच्या, रावेलुदादाच्या शेजारी गाडीखाली आडवा झालो. बघतो तर काय, एक नळी दवाखान्यातल्या सलाइनची, एक कुणाच्या तरी बागेतली, एक सायकलच्या ट्यूबची, वर तार गुंडाळलेली! दादानं एक वाकवली, तर चिराच चिरा. दुसरी दाबली, तर भिजलेल्या पावासारखी मऊ. "यावर तू बसत होतास?" दादा म्हणाला. मी म्हटलं, "ते जाऊ दे, पण ही नळी जाते कुठे?"

"इंजिनात."

"आणि ही?"

"ही टाकीला श्वास घ्यायला."

टाकी श्वास घेते! अकरा वर्षं नाक बंद बिचारीचं! "मग दादा, ती पलीकडची, ती नळी जाते कुठे?"

"झाफी, तुला टॅक्सी चालवायचीय की शाळा काढायचीय?"

असो. सगळ्या नळ्या नव्या, त्या आवळायच्या पट्ट्या नव्या, वास गायब! तपासणीच्या दिवशी सकाळी नेहमीसारखं एक लिटर पेट्रोल टाकलं. एकच का? अहो, पहिलं भाडं मिळेपर्यंत आमच्यात एकच टाकतात, पुढचं भाड्याच्या पैशातून! निघालो, दादा शेजारी. तपासणी केंद्राचा चढ लागला आणि... फुस्स! बंद! मागे सपाटीवर घरंगळत आलो, चालू! पुन्हा चढ, फुस्स! दादा ओरडला, "नळ्या माझ्या चोख आहेत हां!"

मग हो, पेट्रोल जातं कुठे? मी शिरलो खाली, बोटानं टाकी वाजवली. मागे भरीव, पुढे पोकळ! एवढी मोठी टाकी, त्यात एक लिटर, चढावर सगळं जाऊन बसलं मागे, आणि नळी लागलीय पुढे! कॅनमध्ये हे कळलंच नव्हतं कधी! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, "दादा, गाडी उलटी चढवली तर?"

"झाफी, नको..."

चढली! मान मोडेस्तोवर मागे बघत, अख्खा चढ उलटा! रांगेतले टॅक्सीवाले, "झाफी, घरी काही विसरलास काय रे?" फाटकात वुलुलुनाबाई, कमरेवर हात. गाडीखाली गेल्या, एकेक नळी दाबली, हुंगली, बाहेर आल्या. "इतकं स्वच्छ काम मी यंदा पाहिलं नाही. पण उलटे का आलात?"

आता गप्प बसावं की नाही? नुरूनं बजावलं होतं! पण मी त्यांना टाकीपाशी बसवलं, वाजवून दाखवली, भरीव, पोकळ, श्वास, सगळं! अर्धा तास! बाईंनी शांतपणे शिक्का मारला आणि खाली लिहिलं: 'गाडी उत्तम. चालकाचं डोकं तपासून घ्यावं.'

म्हणजे आता डॉक्टरचा कागद आणल्याशिवाय भाडं मारायचं नाही, भाड्याशिवाय पेट्रोल नाही, टाकीत उरलंय अर्धा लिटर, आणि डोक्याचा डॉक्टर बसतो कुठे? टेकडीच्या टोकावर! त्याच्या दारात मी उलटा जाऊन उभा राहिलो, की तो कागदावर काय लिहील, ते तुम्हीच सांगा!