दर शुक्रवारची आयगुल

शारजात रोलाजवळ टॅक्सीच्या रांगेत माझ्यापुढे दोन मराठी बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात स्टीलचा डबा होता.

"एवढ्या उन्हात कुठं निघालात, वहिनी?"

"आमच्या संजनाच्या युनिव्हर्सिटीत. तिथल्या मल्टिकल्चरल सेंटरवाल्यांनी डोकं फिरवलंय माझं!"

"का हो?"

"हॉस्टेलच्या मुलींना घरपण मिळावं म्हणून दर शुक्रवारी एकेका कुटुंबात जेवायला पाठवतात. आमच्या गळ्यात कझाकस्तानची आयगुल मारली. तिला तिखट सोसत नाही, म्हणून आमटीत दही कालवते. आता आमचे हेही दही मागतात!"

"अगंबाई!"

"जेवली की ओट्यापाशी उभी. हे काय, ते काय, मला करू द्या. आणि संजनाला हाक मारली की आतून, ‘मॉम, आय ॲम बिझी!’"

"मग सेंटरला सरळ सांगा ना, जमणार नाही म्हणून."

"त्यांचाच काल फोन आला. टर्म संपली, खलास! या शुक्रवारपासून तिला दुसऱ्या घरी पाठवणार. तिला वेगवेगळी कल्चर्स दिसायला हवीत म्हणे."

"सुटलात की मग!"

"सुटले कसली? भांडायला चाललेय. आत्ता कुठं तिची भाकरी फुगायला लागलीय."

"आणि नाहीच ऐकलं त्यांनी तर?"

"म्हणून तर डब्यात दही घेतलंय. परक्या घरी मागायला लाजेल ती."