तंटामुक्तीचा अध्यक्ष

चहा थंडा झाला तं होऊ द्या, पन आमच्या शेजारच्या गजाननचं आयका. त्यानं साकोलीहून डीजेचे दोन मोठे डब्बे आनले. सकाळपासून अशी धडधड, का आमच्या घराच्या भिंती हालून राह्यल्या. घरात माही नात बाळंतीन, तिचं लेकरू दचकून दचकून रडे.

मी म्हटलं, "गजानन, आवाज कमी कर नं बाबू."

तो काठी घेऊनच बाहेर आला. "ए बुढे, घर माहं, डब्बे माहे! तुले काय करा लागते?"

मी तडक सरपंचाकडे गेली. तो म्हने, "आजी, असे भांडनं तंटामुक्ती समिती मिटवते. अध्यक्षाले सांगा."

"कोन हाय अध्यक्ष?"

"गजाननच नं. मागच्या ग्रामसभेत निवडला."

"त्याले काहून निवडला बापा?"

सरपंच इकडंतिकडं पाहून हळूच म्हने, "तो म्हने, अध्यक्ष मीच होनार. त्याच्यासंग तंटा कोन करन, आजी?"

मी घरी आली, नातीले उठवलं आन लेकराचा पाळना सरपंचाच्याच ओसरीत नेऊन टांगला. म्हटलं, "अध्यक्ष तुमी निवडला, आता लेकरूबी तुमीच निजवा."