कार्बोरेटरचं बीपी

...आणि वर हे मलाच विचारतात, "अगं, या बीपीच्या मशीनला पेट्रोलचा वास कसा येतोय?" कसा येतोय म्हणजे? अत्तरात बुडवली होती का मी ती? तुम्हाला सांगते, चौतीस वर्षं सिस्टर होते मी, त्यातली वीस पुरुषांच्या वॉर्डात, हजारो दंडांना पट्टा गुंडाळला असेल, जाड दंड, काडीसारखे दंड, गोंदलेले दंड, पण शेवटी बीपी कुणाचं घ्यायची वेळ आली? तर गवत कापायच्या यंत्राचं! पण मी एक शब्द बोलले नाही. मला बोलायची सवयच नाही मुळात, विचारा कुणालाही.

थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. तर आमचे हे. पाणीपुरवठ्यात फिटर होते. सगळं आयुष्य गळती शोधण्यात गेलं, कुठे पाइप फुटला, कुठे व्हॉल्व्ह गळतोय... लग्नानंतर पहिल्यांदा मी यांना माहेरी घेऊन गेले तर माझ्या आईला नमस्कार करायच्या आधी हे मोरीतल्या नळाखाली वाकलेले! निवृत्त झाले आणि हे यंत्र घेऊन आले. खांद्याला अडकवायचं, लांब दांडा, पुढे गरगर फिरणारं पातं, मागे डब्याएवढं इंजिन. टू-स्ट्रोक. त्याला नुसतं पेट्रोल चालत नाही हं, ऑइल मिसळून द्यावं लागतं, अगदी मापात, बाळाच्या दुधाची पावडर कालवावी तसं. माझ्या मुलीचं दूध यांनी एकदाही कालवलं नाही, पण याचं बघा! तरी मी एक शब्द बोलले नाही.

आमच्या घरामागे उतार आहे, खाली कालवा, आणि कालव्याच्या काठाला एक बाक. ती पायवाट तशी कुणाचीच नाही, म्हणजे मग यांचीच. दर शनिवारी गवत कापायचे. लोक उतरायचे, बाकावर बसायचे, म्हातारी माणसं, भांडून आलेल्या सुना, परीक्षेला कंटाळलेली पोरं... आणि हे वरून बघत उभे राहायचे, जणू काही कालवा यांनीच खणलाय.

आणि एक दिवस छातीत दुखलं. बायपास झाली. ऑपरेशन म्हणाल तर एकदम झकास, डॉक्टर म्हणाले, "काका, तुमचं हृदय आता माझ्यापेक्षा चांगलं आहे, चाला, फिरा, हलकी कामं करा." आणि हे? घरी आले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. उठायचं ते जेवायला आणि झोपायला, तेही भिंत धरून. मी डॉक्टरांना गाठलं. ते मला बाजूला घेऊन म्हणतात, "सिस्टर, जखम भरलीय हो, भीती गेली नाहीये. त्यांना कशात तरी गुंतवा. उठवा त्यांना." उठवा! काय गजराचं घड्याळ आहे मी?

सगळं करून पाहिलं. "अहो, जरा अंगणात येता का?" "राहू दे गं. आता काय करायचंय." "अहो, मित्राला फोन लावून देऊ?" "राहू दे गं. आता काय करायचंय." मुलगी येऊन चार दिवस राहिली, रागावली, रडली, गेली. राहू दे गं! तिकडे गवत गुडघ्याएवढं झालं, मग कमरेएवढं, मग बाक दिसेनासा झाला. हे खिडकीतून बघत राहायचे, जिथे बाक होता तिकडे. वॉर्डात असे पाहिलेत मी. अंगाने बरे झालेले आणि मनाने खाटेवरच राहिलेले. त्यांचं पुढे काय होतं तेही मला ठाऊक आहे. खोटं कशाला बोलू, रडले मी. बाथरूममध्ये, नळ सोडून. तर बाहेरून आवाज, "तो नळ नीट बंद कर, वॉशर गेलाय त्याचा."

त्या दिवशी ठरवलं. माणूस उठत नाही ना? यंत्र तरी उठवते!

काढलं बाहेर, यांच्या खिडकीसमोरच्या ओसरीवर. दोरी ओढली. एकदा, दोनदा, सातदा, खांदा निखळायची वेळ आली, आणि आठव्यांदा... भुर्रर्र! मी उडालेच. मग काळा धूर, मग खॉक, खॉक, खॉक, वॉर्डातल्या जुन्या विडीवाल्यासारखं, आणि फुस्स. बंद. प्लग काढून बघितला तर ओलाचिंब, पेट्रोल टपकतंय नुसतं. खिडकीतून आवाज आलाच, "राहू दे गं..." मी एक शब्द बोलले नाही. पिशवीत इंजिन घातलं आणि गेले गॅरेजवाल्याकडे.

आमच्या गॅरेजवाल्याला मी 'बदलूनटाका' म्हणते. वाईट नाही हो माणूस, पण त्याला औषध एकच माहीत. टायर? बदलून टाका. सीट? बदलून टाका. मी म्हणाले, "सुरू होतं, धूर सोडतं, बंद पडतं, प्लग ओला." त्याने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. "कार्बोरेटर. बदलून टाका." "बरं, द्या." "या मॉडेलचा येत नाही आता." "मग?" "मग यंत्रच बदलून टाका!" म्हटलं, दादा, पण या कार्बोरेटरला झालंय काय, ते तर सांगा! तर म्हणतो कसा, "मावशी, त्याच्या आत एक सुई असते. पेट्रोल हवं तेव्हा उघडते, नको तेव्हा बंद होते. ती नीट बसत नसेल तर पेट्रोल आत येतच राहतं, इंजिन बुडतं. बघायचं तर प्रेशर टेस्ट करायला लागेल. जिथून पेट्रोल आत जातं तिथून पंपाने हवा भरायची, काटा चढवायचा आणि बघत बसायचं. काटा जागेवर राहिला तर ठीक, खाली आला तर गळती. पण तो काट्याचा पंप माझ्याकडे नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. हवा भरायची, काटा चढवायचा आणि बघत बसायचं? अरे, चौतीस वर्षं मी दुसरं केलं काय!

घरी आले. बीपीची मशीन काढली, माझी स्वतःची, निवृत्तीला वॉर्डाने दिलेली, रबरी फुगा आणि गोल काट्यावाली, चार्ज करायची भानगड नाही. पट्टा काढून ठेवला. नळी जाड, कार्बोरेटरचं तोंड बारीक, मग मध्ये सलाइनच्या नळीचा तुकडा घातला, धाग्याने आवळला. गॅसपासून लांब, ओसरीवर टेबल मांडलं, पांढरा कपडा अंथरला, इंजिनावरून उतरवलेला पेशंट मधोमध ठेवला. केवढा पेशंट? काडेपेटीएवढा! फुगा दाबला. शंभर... दोनशे... दोनशे साठ. थांबले. घड्याळ बघितलं. काटा हळूहळू, हळूहळू खाली... चार मिनिटांत शून्य. आता हात सवयीचे गुलाम, यांच्या बीपीची वही शेजारीच, लिहून टाकलं. नऊ वाजता दोनशे साठ. नऊ दोन, नव्वद. नऊ चार, शून्य.

आणि नेमकी त्याच वेळी आमची नणंद आली. भावाची चौकशी करायला. मी हात धुवायला आत गेलेली. तिने वही उघडली... आणि जी किंकाळी फोडली, शेजारची तीन घरं बाहेर आली! "वहिनीऽऽ! अहो दादाचं बीपी शून्य! नऊ चारला गेला हो माझा दादा! आणि तुम्ही हात काय धुताय!" मी म्हणाले, वन्सं, बघा तरी, तुमचा दादा समोर बसून बिस्किट खातोय! ती यांच्याकडे बघते, वहीकडे बघते, परत यांच्याकडे बघते, "मग हे शून्य कुणाचं?" मी टेबलावर बोट दाखवलं. तिथे तो काडेपेटीएवढा पेशंट, तोंडात नळी घातलेला, निपचित.

आणि हे हसले.

तुम्हाला काय सांगू... आठ महिन्यांनी. आधी खांदे हलले, मग बिस्किट हातातून पडलं, मग छाती धरून हसायला लागले, आणि मी घाबरून धावणार, तेवढ्यात डोळे पुसत म्हणतात, "वाटीत पेट्रोल घे. त्यात बुडवून फुगा दाब. बुडबुडे कुठून येतात बघ. पाण्यात नको हं, गंजेल." बस. परत खिडकीकडे तोंड. पण 'राहू दे गं' नव्हतं त्यात! मोजून पंधरा शब्द, आणि एकही 'राहू दे' नाही! मला तर नाचावंसं वाटलं. पण मी एक शब्द बोलले नाही, वाटी घेतली.

चार स्क्रू काढून एका बाजूचं झाकण उघडलं, आत रबराचा पातळ पडदा, त्याखाली ती सुई, केवढीशी, गव्हाच्या दाण्याएवढी. बुडवलं, फुगा दाबला. सुईच्या बुडातून बुडबुडे... एक, एक, एक. सापडली गळती! सुई चिमट्याने काढली, तर तिच्या बसायच्या जागी कचऱ्याचा एक कण. एक कण हो, डोळ्यात गेला तर दिसणार नाही एवढा! त्याने एवढं धडधाकट यंत्र बसवून ठेवलं होतं. कापसाच्या काडीने पुसलं, सुई परत ठेवली, दोनशे साठ चढवलं. दहा मिनिटं काटा हलला नाही. म्हटलं, आता पूर्ण तपासणी, दुसऱ्या बाजूचं, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं, झाकणही उघडून पुसून घेतलं, बंद केलं, इंजिनावर चढवलं, दोरी ओढली...

काही नाही. ढिम्म!

खिडकीतून आवाज, "पडदे कसे बसवलेस?" मी म्हणाले, दोन्ही बाजूंना सारखे, आधी पडदा, मग गास्केट, ती कागदी चकती. दोन दंडांना पट्ट्या बांधायच्या तर सारख्याच बांधणार ना माणूस? "अगं, तिथेच चुकलं! पंपाच्या बाजूला आधी पडदा, मग गास्केट. सुईच्या बाजूला आधी गास्केट, मग पडदा. सुईच्या बाजूचं उलटं झालंय. आण इकडे."

आण इकडे! तुम्हाला खरं सांगते, निम्मी उठले होते मी, द्यायला. चौतीस वर्षं पेशंटला सगळं खाटेपाशी नेऊन द्यायची सवय! आणि मग मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. बसले परत खाली. चष्मा कपाळावर सरकवला. झाकण उघडलं, आणि यांना नीट दिसेल असं हात उंच धरून, सावकाश, अगदी सावकाश... आधी पडदा ठेवला. तोच. चुकीचा.

"अगं, गास्केट आधी."

मी वर गास्केट, झाकण ठेवलं आणि दोन स्क्रू लावले.

"अगं अगं, ऐकू येत नाही का तुला? उलटं बसतंय ते!"

मी तिसरा स्क्रू लावला.

"अगं अगं अगं! फाटेल तो पडदा! सोड! सोड आधी!" आणि हात आला की टेबलावर! माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला! खुर्चीपासून टेबलापर्यंत आठ पावलं आहेत. आठ. भिंत न धरता. मोजली मी. यांना पत्ताच नाही आपण उभे आहोत याचा, मान खाली घालून पुटपुटतायत, "एवढं साधं कळत नाही... सिस्टर म्हणे... कुणी दिली नोकरी..." माझे डोळे असे भरले की समोरचा पेशंट दिसेना, पण मी एक शब्द बोलले नाही. मी बोलले असते तर हे बसले असते परत.

यांनी सगळं नीट बसवून इंजिनावर चढवलं, दोरी मी ओढली, चोक यांनी धरला. तिसऱ्या ओढीला भुर्रर्र... आणि थांबलंच नाही! धूरही नाही फारसा. वन्सं टाळ्या वाजवतायत, शेजारी टाळ्या वाजवतायत, हे कान देऊन ऐकतायत, स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. मग यांनी यंत्राचा पट्टा खांद्याला लावला. मी म्हणाले, दहा मिनिटं, जास्त नाही. पहिल्या दिवशी दहा, दुसऱ्या दिवशी पंधरा, आणि आठव्या दिवशी बाक दिसला. संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन बसलो त्याच्यावर. कालव्याकडे बघत हे म्हणाले, "त्या सुईखाली खरंच एवढासाच कण होता?" म्हटलं, एवढासाच. "हं," म्हणाले. आणि वाकून बाकाच्या पायाशी राहिलेलं गवत उपटायला लागले.

आता? आता विचारूच नका! गल्लीत बातमी पसरली, सिस्टरकडे कार्बोरेटरचं बीपी बघून मिळतं. कुणी फवारणीचा पंप घेऊन येतो, कुणी झाड कापायची इंजिनवाली करवत, कुणी डासांच्या धुराचं यंत्र. आणि परवा तर खुद्द 'बदलूनटाका' आला, दोन कार्बोरेटर घेऊन, लाजत, "मावशी, काकांना जरा प्रेशर बघायला सांगता?" ओसरीवर रांग असते. हे सकाळी जे उभे राहतात ते जेवायलासुद्धा बसत नाहीत. माझी वही भरली, आता नवीन आणलीय, त्यात यांचं बीपी एकशे वीस, ऐंशी, आणि खाली ओळीने करवती.

कालच दुपारी म्हटलं, बघू तरी कशी आहे ती खिडकीजवळची खुर्ची. आठ महिने यांनी सोडली नाही, आता ती रिकामी, माझे गुडघे भरून आलेले, घरात दुसरं कुणी नाही. बसले. छान ऊन येतं हो तिथे, बाकही दिसतो सरळ. बाकावर कुणीतरी बसलेलं. डोळे मिटले, पाय लांब केले... आणि ओसरीवरून आवाज, "अगं, फुगा कुठे ठेवलास? इकडे तीन पेशंट खोळंबलेत!"

मी एक शब्द बोलले नाही. उठले.