मरळीचा रस्सा

सिद्धेश : सोनबाकाका, परत खडा मारलात? पहाटे भोसरीहून निघालोय मी, भामा नदीवरचे पक्षी बघायला. बगळा आत्ता कुठं दुर्बिणीत सापडला होता.

सोनबा : पल्याड बसंल की. त्याला नदी काय कमी हाय व्हय?

सिद्धेश : गावात म्हणत होते, तुम्ही आठवडाभर इथंच गळ टाकून बसलाय.

सोनबा : व्हय. तुझी शालनकाकू दवाखान्यातनं आल्यापास्नं अन्नाला शिवंना. सोमवारी आपल्या तोंडानं म्हनली, मरळीचा रस्सा करा. मी लगोलग गळ उचलला. शिमगा झाला, पानी उतरलं, की मरळ कडंला येती.

सिद्धेश : मग घावली?

सोनबा : सोमवारी निस्ती चिलापी घावली. ती शालनला नको.

सिद्धेश : तुम्ही वरच्या डोहावर बसून बघा ना काका. इथं काही नाही.

सोनबा : तुला रं कसं ठावं?

(सिद्धेश दुर्बीण गळ्यातून काढतो.)

सिद्धेश : खोटं बोललो. त्या लव्हाळ्यापाशी मला मघाशी शेंदरी पिल्लं दिसली, मरळीची. खाली आई असणारच. तुम्ही तिथं गळ टाकाल म्हणून गप्प बसलो. पण काकू जेवत नाहीत म्हटल्यावर राहवेना. टाका काका, मी काही म्हणणार नाही.

सोनबा : लेकुरवाळी मरळ भुकंनं गळाला लागत न्हाई, पोरा. पिल्लांजवळ काय बी आलं की रागानं तोंड मारती. धरायला लई सोपी. म्हनून तर आमी तिला धरत न्हाई.

सिद्धेश : म्हणजे तुम्हाला माहीत होतं?

सोनबा : मंगळवारपास्नं. औंदा लवकर पिल्लं काढली तिनं. दुसऱ्या कुनी हितं बसू नये म्हनून मी बसतो. माझ्या गळाला गांडूळ बी न्हाई, वढून बघ. आन् बगळा आला की खडा.

सिद्धेश : मग काकूंना काय सांगता?

सोनबा : खरं तेच. पहिल्या दिशी रुसली, भिंतीकडं तोंड करून निजली. आता सांजच्याला ताट घेऊन बसलो की आपनच इचारती, पिल्लं केवढी झाली, आई संगं हाय का. मी सांगत बसतो. सांगता सांगता अर्धी भाकर जाती तिच्या पोटात.